शेजारणीचे नाव
२९ एप्रिल १९९२. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या चार पोलिसांना ज्यूरीने जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले आणि लॉस एंजेलिस पेटले. ६० हून अधिक माणसे मेली. कोरियन मालकांची २,००० हून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली.

दोनच वर्षांनी या दंगलीवर मुलांसाठी ‘स्मोकी नाइट’ हे चित्रपुस्तक आले. लेखिका ईव्ह बंटिंग. चित्रकार डेव्हिड डियाझ यांना त्यासाठी १९९५ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले.

पुस्तकात किंग नाही, खटला नाही. छोटा डॅनियल आहे, त्याची आई आहे आणि शेजारच्या दुकानदार मिसेस किम. आई त्यांच्याकडून सामान घेत नाही. आपल्या माणसांकडूनच घ्यावे, असे तिचे मत. या अढीला इतिहास आहे. मार्च १९९१ मध्ये १५ वर्षांच्या लटाशा हार्लिन्स या कृष्णवर्णीय मुलीला एका कोरियन दुकानदार बाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर गोळी घातली. गुन्हा सिद्ध झाला, पण तुरुंगवास झाला नाही.

आगीतून वाचलेली दोघींची मांजरे शेवटी एकाच भांड्यातून दूध पितात. एवढ्याने लटाशाला न्याय मिळत नाही, आणि पुस्तकाचा तसा दावाही नाही. डॅनियलची आई मिसेस किमना आपले नाव सांगते, मांजराला घेऊन घरी यायला सांगते. इतकी साधी ओळख व्हायला शहर जळावे लागले, ही खंत मोठ्यांनी वाचायची आहे.