तलवारबाजीचे अद्भुतपट
शस्त्रविद्या, साहस व अद्भुत यांच्या चौकटीत वीर व वीरांगना यांची प्रेमकथा मांडणारा चित्रपटप्रकार. चीनमध्ये तो ‘वूशिया’ या नावाने ओळखला जातो. शांघाय येथे १९२८ मध्ये निघालेल्या द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल या मूकपटाचे १९३१ पर्यंत अनेक भाग निघाले. पुढे अंधश्रद्धेला उत्तेजन मिळते, या कारणावरून तेथील शासनाने अशा चित्रपटांवर बंदी घातली. या परंपरेत गुरू वा पंथ यांच्यावरील निष्ठा बहुधा प्रेमावर मात करते. द ब्राइड विथ व्हाइट हेअर (१९९३) या हाँगकाँगच्या चित्रपटात परस्परवैरी पंथांतील दोन योद्ध्यांचे प्रेम अविश्वासामुळे उद्ध्वस्त होते.

शांघायमध्ये हा प्रकार बहरत असतानाच मुंबई व पुणे येथे मारधाडपट लोकप्रिय झाले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले मास्टर विठ्ठल हे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांतून या प्रकाराचे प्रमुख नायक ठरले. पुण्यात निर्माण झालेल्या दिलेर जिगर (१९३१) या मूकपटाचे दिग्दर्शन जी. पी. पवार यांनी केले. त्यात राज्याला मुकलेला राजपुत्र डोंबाऱ्यासारखे कसरतींचे खेळ करीत वाढतो आणि त्याची प्रेयसी सारंगा मुखवटा धारण करून अन्यायी सत्तेविरुद्ध तलवार उपसते. नायकाचे राजकुल उघड होताच संघर्ष मिटतो. चिनी कथांप्रमाणे येथे प्रेमाचा बळी जात नाही. मराठी चित्रपटकारांनी शोकान्त प्रणयासाठी इतिहासाकडे धाव घेतली. नानुभाई देसाई व भालजी पेंढारकर यांचा बाजीराव मस्तानी (१९२५) हा मूकपट त्याचे उदाहरण होय. ना. सं. इनामदार यांच्या राऊ (१९७२) या कादंबरीवर आधारित २०१५ च्या हिंदी चित्रपटात मस्तानी स्वतः तलवार चालविताना दिसते.

सुशिक्षितांनी मारधाडपटांना हलके लेखले. त्यांच्या जतनाकडे दुर्लक्ष झाले आणि ज्वालाग्राही नायट्रेट फितीवरील बहुतेक भारतीय मूकपट नष्ट झाले. दिलेर जिगर मात्र बचावला. सारंगेची भूमिका करणाऱ्या ललिता पवार पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांसाठीच प्रसिद्ध झाल्या. हा मूकपट उरला नसता, तर त्यांच्या कर्तृत्वाचे हे पहिले पर्व केवळ जाहिरातींतून व आठवणींतूनच शिल्लक राहिले असते.