पाठशाखा, महाभारताच्या
पाठशाखा, महाभारताच्या : एकाच मूळ संहितेच्या प्रतींवरून प्रती होत गेल्यामुळे निर्माण झालेल्या परस्परभिन्न हस्तलिखित-परंपरा. महाभारताच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन मुख्य शाखा असून शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम् या लिपींनुसार त्यांच्या उपशाखा पडतात. एका लेखनिकाने श्लोक सुधारावा, दुसऱ्याने आख्यान जोडावे, तिसऱ्याने दोन पोथ्या समोर ठेवून त्यांतील पाठ एकत्र करावेत, असे शतकानुशतके घडत आले. यांतील शेवटच्या प्रकाराने पाठाच्या उगमाचा मागच पुसला जातो.

या शाखा एकत्र आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न नीळकंठ चतुर्धर (सतरावे शतक) या टीकाकाराने केला. मूळचा गोदातीरावरील कोपरगावचा हा पंडित काशीस राहत असे. निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या मिळवून त्याने ग्राह्य वाटलेले पाठ आपल्या संहितेत घेतले. पुढे ही संहिता मुद्रणामुळे सर्वत्र रूढ झाली. परंतु कोणता पाठ कोणत्या पोथीतील, हे तीवरून कळत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकर हे १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखांत जे समान, ते बहुधा त्यांच्या समान पूर्वजातील, हे त्यांचे मुख्य सूत्र. काही शाखांतच आढळणारा मजकूर प्रक्षिप्त मानून संहितेबाहेर काढण्यात आला; पण तो टाकून दिला नाही. पाठभेद व लहान प्रक्षेप तळटीपांत, दीर्घ प्रक्षेप परिशिष्टात आणि त्यांसोबत संबंधित पोथ्यांची संक्षेपचिन्हे, अशी ही योजना होती. अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ देण्यात आली. गणेश व्यासांचा लेखनिक झाल्याची सर्वपरिचित कथाही याच न्यायाने आदिपर्वाच्या (१९३३) परिशिष्टात गेली.

या पद्धतीस विरोधही झाला. नीळकंठाची संहिता छापून तिला पाठभेद जोडावेत, अशी सूचना फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी केली. ती संहिता उत्तरकालीन व संमिश्र असल्याने आधारभूत मानता येत नाही, अशी सुखटणकरांची भूमिका होती. त्यांच्या निधनानंतर (१९४३) श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांनी कार्य पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली.

संगणकीय आज्ञावलींच्या आवृत्तिनियंत्रणातही (उदा., २००५ मधील गिट) हाच प्रश्न येतो. दुभंगलेल्या शाखा जोडताना त्यांचा समान पूर्वज शोधून त्याच्याशी प्रत्येकीचा फरक काढतात. एकच ओळ दोन्हींकडे निराळ्या रीतीने बदलली असल्यास निर्णय माणसालाच करावा लागतो. तेथे पूर्वजाची नोंद यंत्र ठेवते; पोथ्यांच्या बाबतीत तो अनुमानाने सिद्ध करावा लागतो. म्हणूनच वगळलेल्या पाठांची नोंद महत्त्वाची ठरते : संपादकाचा निर्णय पुढे चुकीचा वाटल्यास तो तपासून बदलण्याचे साधन तीच होय.