मॅटाडोरचा सायलेन्सर

1958 साली नवलमल फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी हात मिळवून बजाज टेम्पो काढली. पुढं तिची मॅटाडोर आली आन् खेड्यातला माल बाजाराला लागला. आमच्या दादांनी एक जुनी घेतली. वर्षभर कांदा, आषाढात वारी. वारीत आई-आजी तिच्यातच झोपायच्या. चाकावरचं घरच ते.

दादा गेल्यावर मी गाडी जपायला लागलो. घर ते मळा, एवढीच चालवायची. चार वर्षांनी वारीला काढली, तर लोणंदच्या अलीकडं आईला घेरी आली. मेस्त्री खाली शिरला. सायलेन्सरची चाळणी झालेली, धूर फळीतून आत येत होता.

मेस्त्री म्हणाला, "डिझेल जळताना पाणी बी तयार होतं. लांब पल्ल्याला नळी तापून ते उडून जातं. जवळच्या जवळ फिरवली की आतच साचतं आन् पत्रा खातं."

म्हणजे माझं जपणंच नडलं.

रात्रभर घासलेट पाजूनही नट सुटेनात, छन्नीनं तोडले. नवा पाइप, नवं पॅकिंग, नवे क्लॅम्प. इंजिन चालू करून मेस्त्रीनं प्रत्येक जोडापाशी हात धरला. धूर लागला नाही, तेव्हाच आईला आत बसवलं.