फिरंगाणांतील स्त्रीजीवन

वसईचें नांव निघालें कीं चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंगांनीं ढासळलेले बुरूज आणि १७३९ च्या मे महिन्यांतील विजय हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्यापूर्वींचीं दोनशें वर्षें या मुलखांतील साध्या कुटुंबांनीं कशीं काढलीं, आणि त्यांतहि स्त्रियांच्या वांट्यास काय आलें, याचा विचार क्वचितच केला जातो.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. हुमायूनशीं सामना देण्यासाठीं त्याला फिरंग्यांचें साह्य हवें होतें. पुढें उत्तर फिरंगाणाचें मुख्य ठाणें वसई झालें. किल्ल्यांत निरनिराळ्या पंथांचे मठ व चर्चें उभीं राहिलीं. मंडपेश्वराच्या लेण्यांतहि चर्च आलें. १५६० मध्यें गोव्यास धर्मसमीक्षण सभा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, स्थापन झाली. तिची सत्ता वसईवरहि चाले, आणि तिचा प्रतिनिधि येथें असे.

या राजवटींतील कायद्यांपैकीं स्त्रियांस सर्वांत अधिक जाचला तो अनाथ मुलांविषयींचा. १५५९ च्या राजाज्ञेप्रमाणें आईबाप व आजीआजोबा नसलेल्या हिंदु मुलांस ताब्यांत घेऊन ख्रिस्ती धर्माची दीक्षा द्यावयाची होती. पुढें ‘अनाथ’ या शब्दाचा अर्थ ताणला गेला. बाप वारला असतां, आई जिवंत असली तरीहि मूल अनाथ ठरूं लागलें. पतीच्या निधनाबरोबर पोटच्या मुलासहि मुकण्याची धास्ती विधवेस पडे. या धास्तीनें पुष्कळ कुटुंबें घरदार टाकून सरहद्दीपलीकडे निघून जात.

याच सुमाराच्या दुसऱ्या आज्ञांनीं धर्मांतर करणाऱ्या पत्नीस व कन्येस मालमत्तेंत हक्क देऊं केला. स्वतःच्या समाजानें स्त्रीस वारसाहक्क जवळजवळ नाकारलाच होता, हें येथें विसरून चालणार नाहीं. तो हक्क आतां मिळत होता खरा; पण माहेर, सासर आणि कुलदैवत सोडून.

बाप्तिस्मा घेतल्यावर तरी निश्चिंतता लाभे काय? तसेंहि नव्हे. धर्मसभेची करडी नजर मुख्यतः नवख्रिस्ती प्रजेवरच असे. पूर्वजांचे आचार पाळणें हा तिच्या दृष्टीनें धर्मद्रोह होता. आणि हे आचार बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं होते. १४ एप्रिल १७३६ रोजीं गोव्याच्या धर्मसभेनें काढलेला जाहीरनामा या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. लग्नांतील हळद, ओव्या, बाळंतिणीच्या घरचें सहाव्या रात्रींचें जागरण, एकादशीचा उपास, अंगणांतील तुळस, अळणी शिजविलेला भात, इतकेंच नव्हे तर स्त्रियांची चोळी, हीं सारीं त्यांत निषिद्ध ठरलीं. स्वयंपाकघरांतील मिठावरहि राजसत्तेचा पहारा बसला, तेव्हां शेजारीण आणि मोलकरीण यांच्याविषयींहि मनांत शंका येणें स्वाभाविक होतें.

या सभेच्या तुरुंगाचें वर्णन डेलन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें लिहून ठेविलें आहे. १६७३ सालीं दमण येथें त्याला अटक झाली. वसईच्या तुरुंगांत कांहीं काळ ठेवून त्याला गोव्यास नेण्यांत आलें. १६७६ च्या जानेवारींत ज्या समारंभांत त्याला शिक्षा सुनावण्यांत आली, त्याच समारंभांत दोन एतद्देशीय ख्रिस्ती व्यक्तींस जादूटोण्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. त्यांपैकीं एक स्त्री होती. डेलन स्वतः या आरोपास निराधार मानीत असे.

१७३९ मध्यें वसई मराठ्यांच्या हातीं आली आणि येथील धर्मसभेचा अंमल संपला. गोव्यांत मात्र ती १८१२ पर्यंत टिकली. ती बंद झाल्यावर तिचीं बहुतेक कागदपत्रें जाळण्यांत आलीं. त्या आगींत किती स्त्रियांच्या जबान्या गेल्या असतील याची गणती आतां होणें नाहीं.

तथापि ज्या आचारांचा उच्छेद व्हावा म्हणून एवढा खटाटोप झाला, त्यांतील कांहीं वसईच्या ख्रिस्ती घरांतच राहिले. तेथील वृद्ध स्त्रियांनीं लुगडें सोडलें नाहीं, बोली सोडली नाहीं. लग्नांत हळद लागते, ‘उंबराचें पाणी’ आणण्याचा विधि होतो आणि आपल्या बोलींतील गीतें म्हटलीं जातात. श्रद्धा ख्रिस्ताची आणि रीत मायमाउलीची, असा हा मेळ या स्त्रियांनींच घातला. वसईचा किल्ला सर करणाऱ्या वीरांचें स्मरण करतांना, घराच्या आंत दोनशें वर्षें टिकाव धरणाऱ्या या अनामिक स्त्रियांचेंहि स्मरण ठेवणें उचित होय.