संकेश्वरी मिरची हैदराबादच्या गच्चीवर : एका परदेशी रोपाचं वेळापत्रक

आईचं माहेर संकेश्वरजवळचं, हुक्केरी तालुक्यातलं. लग्न होऊन ती हैदराबादला काचीगुड्यात आली, तेव्हा सोबत मिरचीचं बी घेऊन आली होती. लांब, बारीक, सुरकुतलेली संकेश्वरी मिरची. वाड्याच्या मागच्या अंगणात शेवग्याखाली तिची आठ-दहा रोपं दरवर्षी असायची. पुढे वाडा गेला, फ्लॅट आला, रोपं गेली. आई गेल्यावर तिच्या फडताळात एका डब्यात मूठभर वाळक्या मिरच्या सापडल्या. बाकी काही उरलं नव्हतं. मिरचीचं बी साधारण दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं, नंतर झपाट्याने कमी होतं. म्हणजे हातात वेळ थोडाच होता.

मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. तीस वर्षं बॉयलर आणि हीट एक्स्चेंजरांत काढली. एवढं केलं, मग रोप लावणं काय अवघड, असं वाटलं. मिरची म्हणजे तिखट, तिखट म्हणजे उष्ण, म्हणजे हिला कडक ऊन हवं, हे माझं गणित. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत बी टाकलं. चाळीसपैकी सव्वीस उगवली. एप्रिलअखेर रोपं फुलांवर आली आणि फुलं रोज सकाळी देठासकट गळून पडू लागली. एकही मिरची धरली नाही. दुसऱ्या वर्षी खत आणि पाणी वाढवलं. पानं हिरवीगार झाली, फळ नाहीच. मग पानं वाकडी होऊन आक्रसली. आपल्याकडे शेतकरी याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. सगळी रोपं उपटून टाकावी लागली. डब्यात आता शेवटच्या चार मिरच्या होत्या.

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजी म्हणाल्या, "अभी नक्को लगाओ भाई, बारिश आने दो." मी मनावर घेतलं नाही. पण त्याच सुमारास मंडळातल्या एका व्याख्यानासाठी मिरचीचा इतिहास वाचत होतो, आणि आजींचं म्हणणं मला तिथे पुन्हा भेटलं.

सुरुवात नावापासून करू. मिरची आपली नाही, अमेरिका खंडातली आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा आपल्या देशात मिरचीचं एकही रोप नव्हतं. तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्यातून. १४९२ मध्ये कोलंबस मिऱ्याच्या शोधात निघाला आणि कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथल्या तिखट फळाला युरोपियनांनी मिऱ्याचंच नाव दिलं. गंमत म्हणजे आपणही तेच केलं. मिरीवरून मिरची. गुजरातीत मरी आणि मरचुं. कन्नडमध्ये मेणसु आणि मेणसिनकायी, म्हणजे मिऱ्याचं फळ. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. जो तो नव्या पाहुण्याला जुन्या ओळखीच्या नावाने हाक मारत होता.

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. १५०० पासून ब्राझीलचा किनाराही त्यांच्या वाटेवर होता. त्यांच्याच जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली, म्हणून मुंबईकडे तिला पूर्वी 'गोवाई मिरची' म्हणत. पण ती लगेच घराघरांत शिरली नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मिऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, मिरचीवर नाही. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतल्या पाककृतींत मिरी आहे, मिरची नाही. म्हणजे ज्या ठेच्याला आपण 'आपल्या मातीतला' म्हणतो, त्याचं वय फार तर काही शतकांचं.

मला उपयोगी पडला तो पुढचा प्रश्न : हे रोप मुळात राहतं कुठे? मिरचीचा रानटी पूर्वज, चिल्टेपिन, आजही मेक्सिकोच्या उत्तरेला सोनोराच्या वाळवंटी भागात उगवतो. पण भर उन्हात उघड्यावर नाही. मोठ्या झुडपांच्या आणि काटेरी झाडांच्या सावलीत. पक्षी मिरच्या खातात (त्यांना तिखट लागत नाही), फांदीवर बसून विष्ठेतून बी खाली टाकतात, आणि रोप त्या झाडाच्या आडोशाला वाढतं. मला आईचा शेवगा आठवला. शेवग्याची सावली विरळ असते, ऊन गाळून खाली येतं. तिने सोनोराचं नाव ऐकलं नव्हतं, पण जागा बरोबर निवडली होती.

दुसरं उत्तर वेळापत्रकात होतं. गोव्यात काणकोणची खोला मिरची, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात. घाट चढून वर आलं की संकेश्वरी, आणखी पुढे हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी. तिथेही मुख्य पीक पावसाबरोबर लागतं आणि लाल मिरची हिवाळ्यात तोडतात. मग आठवा, आपल्या घरी वर्षाचं तिखट कधी व्हायचं? फाल्गुन-चैत्रात. मिरच्या गच्चीवर वाळायच्या, देठं खुडायला सगळ्या बायका बसायच्या, मग डंखावर कुटून आणायचं. उन्हाळा हा मिरची वाळवायचा हंगाम आहे, पिकवायचा नाही. मी नेमका वाळवायच्या वेळी पिकवायला बसलो होतो.

विज्ञानही तेच सांगतं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचं २४-२५च्या वर राहिलं की मिरचीचे परागकण दुबळे होतात, फळ धरत नाही, फूल गळतं. हैदराबादचा मे याहून कडक. त्यात गच्चीचा स्लॅब. दुपारी तीनला मी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतल्या मातीत थर्मामीटर खोचला, तर ४४ अंश! बॉयलरवाल्याला हे आधी सुचायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी रोहिणी नक्षत्रात, मेअखेरीला, उरलेलं बी सावलीत टाकलं. नऊच उगवली. जुलैच्या सुरुवातीला बारा इंची मातीच्या कुंड्यांत लावली. कुंड्या बाहेरून चुन्याने रंगवल्या, स्लॅबपासून विटांवर उचलल्या, तळाला पाणी जायला भोकं ठेवली. जागा पूर्वेच्या भिंतीशी, म्हणजे दुपारी एकपर्यंतच ऊन. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर. पाणी सकाळी, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. नत्राचं खत कमी केलं, कारण जास्त नत्राने पानं माजतात. फुलकिडे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि आठवड्याला कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. तरी एका रोपाला बोकड्या आलाच. ते त्याच दिवशी उपटलं.

सप्टेंबरात हिरव्या मिरच्या आल्या, डिसेंबरात लाल. आठ रोपांतून जेमतेम सव्वा किलो लाल मिरची, वाळून पावशेराच्या आसपास. बियाण्याच्या फांद्यांना फुलं उमलण्याआधीच मलमलच्या पिशव्या बांधल्या होत्या. मिरचीत मधमाश्यांमुळे संकर होतो, आणि शेजारच्या गच्चीत भज्यांची मिरची आहे. मार्चमध्ये पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावली. त्याखाली पाच रोपं उन्हाळा काढून गेली. मेमध्ये फळ नव्हतं, पण पावसाबरोबर ती पुन्हा फुलली.

पिशवीतल्या मिरच्यांचं बी तीन पुड्यांत ठेवलं आहे. एक माझ्याकडे, एक संकेश्वरच्या मामेभावाकडे, एक खालच्या आजींकडे. मंडळींना माझी एकच विनंती आहे. आपण जुनी कागदपत्रं, ताम्रपट, मोडी रुमाल जपतो. घरात कुणा आजीचं, मावशीचं बी डब्यात पडलेलं असेल, तर तेही बघा, आणि यंदाच्या पावसातच लावा. कागद शंभर वर्षं थांबतो, बी थांबत नाही.