अवॉर्ड, सोलेशियम, नॉमिनी: जमिनीचा पैसा आला आणि घरात इंग्रजी आली

आज थोडं शब्दांबद्दल. पण विषय पैशाचा आहे, आणि घरातल्या माणसांचा.

आपल्या साकोलीकडे अचानक आलेल्या पैशाला जुना शब्द आहे ‘घबाड’. पंचांगात घबाड मुहूर्त असतो, तोच हा शब्द. इंग्रजीत म्हणतात ‘विंडफॉल’, म्हणजे वाऱ्याने पडलेलं फळ. हे आपल्याला समजवायला नको. चैतात पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला अख्खं घर जातं, आजीपासून नातवापर्यंत. पण मोह दरवर्षी पडतो. जमीन एकदाच जाते. म्हणून तिचा पैसा वेगळा, आणि त्याच्यासोबत येणारे शब्दही वेगळे.

यातला पहिला मोठा शब्द ‘कॉम्पेन्सेशन’. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि मालगुजारांना सरकारने मोबदला देऊ केला. त्यांचे तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदले गेले, आणि लोकांनी त्याचं करून टाकलं ‘मामा तलाव’. मालक गेला, मामा राहिला! नातं जोडण्यात आपली भाषा अशी पटाईत.

मालगुजार गावागावांत मोजकेच. मोबदल्याचे हे शब्द साध्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आणले ते धरणाने आणि रस्त्याने. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. वैनगंगेकाठची गावं उठली. इकडे साकोलीवरून जाणारा महामार्ग, आधीचा 6 आणि आताचा 53, रुंद होत गेला. मग चावडीवर एकच भाषा सुरू झाली: अवॉर्ड झाला का? पॅकेज किती? सोलेशियम धरलं का?

‘अवॉर्ड’ ऐकून कुणालाही बक्षीस वाटेल. पण 1894 च्या भूसंपादन कायद्यात अवॉर्ड म्हणजे निवाडा: जमीन किती, किंमत किती आणि पैसा कोणाकोणात वाटायचा. या तिसऱ्या गोष्टीवर घरं फुटतात. हिस्स्यांवरून भावाभावांत वाद उभा राहिला की प्रकरण कोर्टात जातं आणि रक्कमही तिथेच जमा होऊन पडते. जमीन गेलेली, पैसा कोर्टात, बोलणं बंद.

‘सोलेशियम’ हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ सांत्वन. आपले कार्यालयीन कागद त्याला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. मालकाच्या मनाविरुद्ध जमीन घेतली, त्या दुःखाचे हे पैसे. आधी 15 टक्के, 1984 पासून 30 टक्के, आणि 2013 च्या कायद्याने 100 टक्के. मध्ये 1997 च्या दुरुस्तीने महामार्गात गेलेल्या जमिनीचा दिलासाच काढून टाकला होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. एका शब्दाची किंमत कळावी म्हणून हे सांगितलं.

पण मला विचारायचं आहे ते वेगळंच. दुःखाचे पैसे, बरोबर. कोणाच्या दुःखाचे? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याच ना? त्याच बांधावर लहानपणी रोवणा केलेल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचं काय?

आपल्याकडे मोठे बाबा, काका, मामा, मावसाजी अशी प्रत्येकाला वेगळी हाक. इंग्रजी सगळ्यांना ‘अंकल’ करून मोकळी होते. 1956 चा हिंदू वारसा कायदा मात्र वेगळीच यादी करतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या हिश्शाला ‘वर्ग 1’चे वारस: मुलगा, मुलगी, विधवा आणि आईसुद्धा. वडील आणि भाऊ वर्ग 2 मध्ये. वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क असणारा तो ‘कोपार्सनर’. हा शब्द मुलींसाठी महाराष्ट्राने 1994 मध्येच उघडला, पण आधी लग्न झालेल्या बहिणींना बाहेर ठेवून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. आपल्या भागातल्या गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना मात्र हा 1956 चा कायदा थेट लागू नाही. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

कायदा बदलला. पण वारसान नोंद होताना बहिणीपुढे एक कागद येतो: रिलीज डीड, म्हणजे हक्कसोडपत्र. “ताई, इथं सही कर. माहेर तुटायला नको.” भाऊ वाईट असतो असं नाही. त्यालाही शब्द कळलेला नसतो. स्वखुशीने सोडणाऱ्या बहिणीला माझा नमस्कार. पण काय सोडतोय ते कळून सोडणं वेगळं, आणि साडीचोळीवर गप्प बसणं वेगळं.

बँकेतही तेच. ‘नॉमिनी’ला लोक वारस समजतात. ठेवीचा नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, मालकी वारसांचीच राहते. हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. त्या खात्यात आईचं नाव आहे का, एकदा पासबुक बघा.

इंग्रजीवर माझा राग नाही. राग आहे तो न समजता केलेल्या सहीवर. घबाड येतं आणि जातं. मोटारसायकल जुनी होते. तुटलेला भाऊ मात्र दिवाळीला ओवाळायला मिळत नाही. म्हणून ताईंनो, भाऊंनो, पुढचा कागद घरात आला की सगळ्यांनी ओसरीवर बसा, मोठ्याने वाचा, प्रत्येक शब्दाचा मराठीत अर्थ विचारा. मग सही.