हरणांच्या शिकारीतील ओतीव शिशाची गोळी आणि पुरेशा कॅलिबरचा प्रश्न : जेम्स फोर्साइथ यांच्या विवेचनाच्या संदर्भात

प्रस्तावना : शिकारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थानिकांच्या व साहेबांच्या छंदाची कथा म्हणून सांगितला जातो, त्यामागील तंत्रविचार दुर्लक्षित राहतो. वस्तुतः हरीण एकाच गोळीत पडावे, जखमी होऊन रानात कुजत मरू नये, यासाठी गोळी किती जाड व किती वजनाची असावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात गांभीर्याने चर्चिला गेला. या चर्चेतील एक मूलगामी ग्रंथ भारतातील जंगलांच्या अनुभवावर उभा आहे. जेम्स फोर्साइथ (१८३८–१८७१) या लष्करी अधिकाऱ्याचा ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा तो ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६२ मध्ये पचमढीस गेलेले व पुढे निमाड जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर झालेले फोर्साइथ ते हेच. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथामुळे ते अभ्यासकांना परिचित आहेत. बंदुकीवरील ग्रंथ मात्र सहसा कोणी उघडत नाही.

त्या काळी लष्करी रायफलींचा प्रभाव मोठा होता. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची गोळी लांबट, ५३० ग्रेन वजनाची व .५७७ इंच कॅलिबरची होती. व्हिटवर्थ यांनी तर कॅलिबर .४५१ इंचापर्यंत खाली आणले. अशी गोळी दूरवर जाई. परंतु वजनाच्या मानाने दारू कमी असल्याने तिचा वेग बेताचा व मार्ग कमानीसारखा असे. सैनिकांच्या रांगेवर गोळीबार करताना हे चालून जाते. साग-बांबूच्या रानात क्षणभर दिसणाऱ्या सांबराचे अंतर ऐंशी यार्ड की एकशेतीस, हे ठरविण्यास शिकाऱ्याला सवड नसते. अंतराचा अंदाज चुकला की गोळी छातीऐवजी पोटात बसते.

फोर्साइथ यांचे प्रतिपादन येथून सुरू होते. जंगलातील बहुतेक नेम दीडशे यार्डांच्या आत धरले जातात. म्हणून तेवढ्या पल्ल्यात सरळ जाणारी गोळी हवी. गोल गोळी लांबट गोळीपेक्षा हलकी असल्याने भरपूर दारूने तिला मोठा वेग देता येतो. अडचण एकच होती. नळीतील सर्पिल खाचांचा पीळ जलद असेल, तर जास्त दारूच्या रेट्याने मऊ शिसे खाचा सोडून सरळ निसटते. यावर त्यांनी अत्यंत मंद पीळ सुचविला : १४ बोअरच्या नळीत १०४ इंचांत एक फेरा.

येथे बोअर या मापाचा उलगडा आवश्यक आहे. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या ओतता येतील, तितके तिचे बोअर. पौंडात ७००० ग्रेन असल्याने १४ बोअरची गोळी ५०० ग्रेनची व सुमारे .६९ इंच व्यासाची भरते, तर २८ बोअरची २५० ग्रेनची. म्हणजे व्यास जेमतेम सव्वापट वाढला की वजन दुप्पट होते. गोल गोळीच्या बाबतीत कॅलिबरला एवढे महत्त्व येते ते या घनाच्या नियमामुळे. लांबट गोळीचे वजन लांबी वाढवूनही वाढते, गोल गोळीला ती सोय नाही.

धातूची निवडही याच विचाराचा भाग होती. ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे शिसे शिकारी तळावरच साच्यात ओतीत. हत्ती-गव्यासारख्या प्राण्यांसाठी त्यात कथील वा पारा मिसळून ते कठीण केले जाई. चितळ-सांबरांसाठी निर्भेळ मऊ शिसे योग्य, कारण ते शरीरात चपटे होऊन जखम रुंदावते. तरीही जनावर पळाले, तर रक्ताचा माग काढण्याचे काम बहुधा गोंड-कोरकू वाटाड्यांवर येई. ‘पुरेसे’ कॅलिबर कोणते, याचा खरा अनुभव त्यांच्यापाशी होता. बंदुकीच्या शास्त्रावर त्यांचे नाव मात्र नाही.

फोर्साइथ यांचा विचार त्यांच्या देशबांधवांनी लवकरच मागे टाकला. १८७० नंतर काडतुसाच्या एक्सप्रेस रायफली व शतकाअखेरीस निर्धूर दारू आली. नव्या वेगापुढे उघडे शिसे टिकेना. ते नळीत माखू लागले, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण चढले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली.

हा विचार जिवंत राहिला तो अमेरिकेत. ठासणीच्या बंदुकीने हरणांची शिकार करणारे तेथील हौशी लोक आजही मंद पिळाला ‘फोर्साइथ रायफलिंग’ म्हणतात. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम ठेवला. तेथे अशा बंदुकीचे कॅलिबर किमान.४४ इंच असावे लागते. जो निर्णय फोर्साइथ यांनी शिकाऱ्याच्या विवेकावर सोडला होता, तो येथे कायद्याने घेतला आहे. कॅलिफोर्नियात तर प्रश्नच बदलला. मारलेल्या हरणाच्या अवशेषांतील शिशाचे कण खाऊन काँडोर गिधाडे विषबाधेने मरतात, हे लक्षात आल्यावर तेथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना संपूर्ण बंदी झाली.